शब्दसूचीचं काम आलंय, प्रकाशक म्हणतात "कॉम्प्युटर करतो की", खरंच करतो का?

वाडीतली_मुक्ता

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, वाडीत राहते, नऊ वर्षं मुद्रितशोधन करतेय, मराठीचं जास्त आणि थोडंफार गुजरातीचं. आत्ता पहिल्यांदाच एका प्रकाशकांनी पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूची, म्हणजे कुठलं नाव नि विषय कुठल्या पानावर आहे त्याची यादी, करायला सांगितलीय. पुस्तक आपल्या बडोदे संस्थानाच्या इतिहासावर आहे, ४१२ पानं, खंडेराव महाराजांपासून ते १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत. मी आनंदाने हो म्हटलं आणि मग मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "ताई त्यात काय एवढं, कॉम्प्युटर पाच मिनिटांत काढून देतो, तुम्ही फक्त नजर फिरवा", आणि तीन हजार सांगितले.

मला आधी वाटलं असेलही तसं. एका रविवारी बसले, फाइलमधल्या सगळ्या शब्दांची यादी एका प्रोग्रॅमने काढली, यादी खरंच मिनिटभरात आली. पण त्यात सगळ्यात वर "आणि", मग "होते", मग "महाराज" सहाशेच्या वर वेळा. या "महाराज"चं मी काय करायचं? कुठे खंडेराव आहेत, कुठे मल्हारराव, कुठे सयाजीराव, आणि तेही प्रत्येक वेळी पान उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

माझी आत्या हे काम करायची. दांडिया बाजारातल्या एका छापखान्याकडून तिच्याकडे प्रुफं यायची, आणि माजघरात तिची बुटांची खोकी मांडलेली असायची, आत कार्डं. मे महिन्यात ती कार्डं लावायला बसली की पंखा बंद, कारण एक कार्ड उडालं की संपलं. आम्ही पोरं घामाने चिंब आणि ती मात्र त्याच तंद्रीत "ग, गा, गि, गी" पुटपुटत असायची. आत्या आता नाही, नाहीतर तिलाच विचारलं असतं.

तर मला विचारायचंय की या कामात आता माणसाला काय उरलंय, मराठी पुस्तकासाठी तुम्ही ते नक्की कसं करता, आणि प्रकाशकांना मी काय सांगू. तीन हजाराला नाही म्हणायचं तर निदान का ते तरी नीट सांगता आलं पाहिजे.

---

कार्डपेटी

मुक्ता बेटा, तुझ्या आत्याचा पंखा वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडेही हेच. मी १९७६ पासून हे काम केलं, नोकरी सांभाळून, रात्री. आता चौऱ्याहत्तर वय आहे, डोळे साथ देत नाहीत म्हणून सोडलं, मन सुटत नाही.

पहिलं म्हणजे त्या प्रकाशकांना हे सांग की शेवटच्या पानांत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्हींना सूचीच म्हणतात. एक संदर्भसूची, म्हणजे लेखकाने कुठले ग्रंथ वापरले ते. दुसरी म्हणजे गाथेच्या शेवटी असते तशी, अभंगाच्या पहिल्या चरणाची अकारविल्हे यादी. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५, सात खंड, त्या रामायणाची पादसूचीही तिथूनच छापून आलीय, प्रत्येक श्लोकाचा प्रत्येक चरण अक्षरानुक्रमाने. ते डोंगराएवढं काम माणसांनी हाताने केलं आणि असलं काम आज मशीनने करावं, जरूर करावं, त्यात मला काही वाईट वाटत नाही. कारण तिथे चरण समोर आहे, तो फक्त लावायचा आहे. तुला सांगितलीय ती तिसरी, शब्दसूची किंवा विषयसूची, आणि तिथे आधी हे ठरवावं लागतं की लावायचं काय.

आमची रीत सांगतो. छापखान्यातून पानं पाडलेली प्रुफं आली की एकदा नुसतं वाचायचं, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा तांबड्या पेन्सिलीने खुणा. तिसऱ्यांदा कार्डं, पाच बाय तीन इंचाची, एका कार्डावर एकच नोंद, वर डावीकडे नोंदीचं नाव आणि खाली पानांचे आकडे. मग लावणी, मग दोरा ओवून गठ्ठे, मग फुलस्केपवर उतरवून काढायचं आणि ते कंपोझिटरकडे. त्याचं प्रूफ आलं की परत एकदा सगळे आकडे ताडायचे.

आणि सगळं झाल्यावर लेखकाचा निरोप आला की प्रकरण चारमध्ये वंशावळ आणि नकाशा घालायचाय, सहा पानं वाढतील. माझ्यावर ही वेळ एकदा खरंच आली. अकराशेच्या वर कार्डं होती आणि प्रकरण चारच्या पुढचा प्रत्येक आकडा सहाने वाढवायचा होता. मी आणि आमची ही, दोन रात्री बसलो, ती आकडा वाचायची आणि मी खोडून नवा लिहायचो. एवढं करून तीन नोंदींत आकडा चुकला तो चुकलाच, पुस्तक हातात घेतलं की अजून मला ती पानं आपोआप उघडतात. आज तेच काम एका आज्ञेत होतं. हे तंत्रज्ञानाने दिलं आणि फार मोठं दिलं, त्या रात्रींची मला अजिबात हळहळ नाही.

पण एक गोष्ट तुला सांगतो, तुझ्या पुस्तकातलीच. महाराणी चिमणाबाई दोन. पहिल्या तंजावरच्या, त्या १८८५ साली गेल्या, रावपुऱ्याचा टॉवर त्यांच्या स्मरणार्थ आहे. दुसऱ्या देवासच्या, घाटग्यांच्या घरातल्या, ज्या १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. लेखक दोघींनाही "महाराणी चिमणाबाई" असंच लिहिणार, कारण त्याच्या मनात कुठली ते स्पष्ट असतं. कार्ड लिहिताना माझा हात तिथे थांबायचा, कारण १८८२ सालचं पान आणि १९२७ सालचं पान एकाच कार्डावर आलं की मनात खटकायचं. यादी काढणाऱ्या प्रोग्रॅमला काही खटकत नाही, तो दोघींची एकच बाई करून ठेवतो, आणि वाचकाला वाटतं टॉवर जिच्या नावाचा तीच परिषदेची अध्यक्ष.

---

इतिहास_शोधतोय

काकांबद्दल पूर्ण आदर, पण मला मनापासून एक शंका आहे. मी एम. एस. युनिव्हर्सिटीत पीएचडी करतोय, रोज वीस पुस्तकं चाळावी लागतात आणि शेवटची सूची मी गेल्या दोन वर्षांत क्वचितच उघडलीय. पीडीएफ असेल तर कंट्रोल एफ दाबतो, शब्द टाकतो, मिळतं. मग प्रकाशकांनी सूचीवर खर्च का करायचा? पुस्तक ईबुक म्हणून निघालं तर पानांचे आकडेसुद्धा राहत नाहीत, अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. मला खरंच समजून घ्यायचंय, वाद घालायचा नाहीये.

---

वाडीतली_मुक्ता

@इतिहास_शोधतोय दादा तुझं वाचून मी लगेच तेच करून बघितलं, फाइल होतीच उघडी. "बडोदे" टाकलं तर मिळालं, पण "बडोद्यात", "बडोद्याला", "बडोद्याहून", "बडोद्याच्या" यातलं एकही त्यात आलं नाही, कारण "दे"चं "द्या" झालं ना. आपल्याकडे नावाला प्रत्यय लागला की नावच बदलतं, पुणे पुण्यात जातं, घोडा घोड्यावर बसतो. इंग्रजीत शोधताना हा त्रास एवढा होत नसणार. मग मी "बडोद" एवढंच टाकलं तर ढीगभर आलं आणि त्यात "बडोदेकर" पण आले.

दुसरं याहून मोठं. सक्तीच्या शिक्षणावर काय काय आहे ते शोधलं. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात, हा भाग मिळाला, कारण तिथे "सक्तीचे शिक्षण" हे शब्द आहेत. पण पुढे शंभर पानांनंतर एक परिच्छेद आहे, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांकडून दंड वसूल करायचा आणि गावचे लोक त्यावर काय म्हणत होते, तो अख्खा परिच्छेद सक्तीच्या शिक्षणाबद्दल आहे आणि त्यात "सक्ती" हा शब्दच नाही! मी मुद्रितशोधन केलंय म्हणून मला तो माहीत. तुला तो कंट्रोल एफने कधीच सापडला नसता, आणि सापडला नाही हे कळलंही नसतं.

---

लिपीवेडा

मुक्ताताई, तुम्ही दुखऱ्या जागेवर बरोब्बर बोट ठेवलंत. मी या बाजूचा माणूस आहे, फाँट आणि फाइली दुरुस्त करून देतो, सुरसागरजवळ बसतो. तुम्हाला पुढे काय काय लागणार आहे ते आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे शेवटच्या आठवड्यात रडायची वेळ येणार नाही.

सगळ्यात आधी विचारा की मजकूर युनिकोडमध्ये आहे (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला सांकेतिक क्रमांक) की जुन्या फाँटमध्ये. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आपल्या छापखान्यांत श्रीलिपी, आकृती, शिवाजी असले फाँट कितीतरी वर्षं चालले, अजूनही चालतात. त्यात दिसतं देवनागरी पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं नि चिन्हं, म्हणजे मशीनच्या दृष्टीने तिथे मराठी नाहीच. अशा पीडीएफमध्ये शोधलं तर काहीच सापडत नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं पण रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, ते डोळ्यांनी तपासावंच लागतं.

आता समजा युनिकोड आहे. नोंदी केल्या आणि सॉर्टचं बटण दाबलं. प्रोग्रॅमला मराठी कळत नसेल तर तो नुसत्या सांकेतिक क्रमांकाने लावतो. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्ष हा आतून क अधिक ष असतो म्हणून "क्षत्रिय" क च्या पोटात जाऊन बसतो, आणि ज्ञ तसाच ज मध्ये. वाचक मात्र शाळेत शिकला तसा शेवटी शोधायला जातो. याहून वाईट म्हणजे ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं, त्याला जागा मिळाली ती ह च्याही पलीकडे, अंकांच्याही नंतर. म्हणून "ॲनी बेझंट" यादीत हिंगोली, हैदराबादच्या खाली सगळ्यात शेवटी जातात. आणि कुणी तेच अ वर चंद्र देऊन टाइप केलं असेल तर ती नोंद अ मध्ये राहते. दिसायला दोन्ही अगदी सारखं, एकच बाई दोन टोकांना.

तसंच "शेतकऱ्यांची कर्जे". ऱ्य टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एकीत नुक्त्याचा ऱ, दुसरीत साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर काडीचा फरक नाही, पण मशीनला ते दोन वेगळे शब्द, म्हणून सूचीत तीच नोंद खाली वर दोनदा येते, अर्धी पानं इकडे नि अर्धी तिकडे. तुमच्या पुस्तकात १९०७ चं अलेम्बिक (बडोद्याची औषधकंपनी) नक्की येणार, ते अलेंबिक, अलेम्बिक, ॲलेंबिक आणि ॲलेम्बिक अशा चार तऱ्हांनी लिहिलेलं निघालं तर आश्चर्य मानू नका.

उपाय सांगतो. आधी सगळ्या फाइलीत शोधून बदलून एकच रूप करून घ्या. मग नोंदी एका स्प्रेडशीटमध्ये, एका ओळीत एक नोंद नि एक पान. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये सॉर्ट करताना भाषा निवडता येते, तिथे मराठी निवडा. तरीही छापायच्या आधी पूर्ण यादी एकदा वाचा, अनुस्वाराचे शब्द कुठे ठेवायचे ते स्वतः ठरवा आणि पूर्ण पुस्तकात तेच पाळा.

---

पानक्रमांक

उशिरा बघितला हा धागा. मुक्ता, मी अलकापुरीत राहते आणि गेली सोळा वर्षं फक्त सूच्याच करते, बहुतेक इंग्रजी, परदेशातल्या विद्यापीठांच्या प्रकाशनांसाठी. म्हणजे व्यवसाय मेला नाहीये, पण बदललाय खूप, ते सांगते.

यासाठी खास सॉफ्टवेअर असतात, मॅक्रेक्स, सिंडेक्स, स्काय इंडेक्स. पहिली दोन तर ऐंशीच्या दशकापासूनची आहेत. गैरसमज असा की ती सूची "काढतात". नाही काढत. पुस्तक मीच वाचते, नोंद मीच टाइप करते, ते बिचारं लावतं, एकसारख्या नोंदी जोडतं, "पाहा" म्हणून जिकडे पाठवलंय ती नोंद खरंच आहे का ते तपासतं, आणि काकांनी सांगितलेलं सहा पानांचं काम क्षणात करतं. माझा वेळ वाचतो तो लावणीत, वाचण्यात नाही. वाचायला आजही पूर्वीइतकेच दिवस लागतात.

दुसरा बदल म्हणजे खुणा थेट मजकुरात घालायच्या. वर्डमध्ये शब्द निवडून ऑल्ट शिफ्ट एक्स दाबलं की तिथे लपलेली खूण बसते, इनडिझाइनमध्येही तशीच सोय आहे. मग पानं कितीही हलली तरी सूची पुन्हा तयार करता येते, आणि ईबुकमध्ये आकड्याच्या जागी दुवा होतो, टिचकी मारली की थेट त्या ओळीवर. @इतिहास_शोधतोय, तुझ्या आकड्यांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मात्र अशा कामाला वेळ जास्त लागतो कारण पूर्ण सूची एकदम डोळ्यासमोर नसते, तुकड्या तुकड्यात काम होतं, म्हणून त्याचा दर मी जास्त लावते आणि तू पण लाव.

आता एआय. मी टाळलं नाही, लेखकाची परवानगी घेऊन मुद्दाम एक मराठी प्रकरण देऊन बघितलं (न छापलेलं पुस्तक न विचारता कुठेही चढवू नकोस, हे आधी). आलेली यादी दिसायला इतकी छान की पहिल्यांदा मी घाबरलेच. मग एक एक नोंद ताडायला घेतली. पानांचे बरेच आकडे चुकीचे, काही तर त्या प्रकरणात नसलेल्या पानांचे. एक नोंद अशा विषयाची की प्रकरणात तो विषयच नाही, तिथे असायला हवा होता असं वाटावं एवढाच. आणि खंडेराव महाराज नि खंडेराव मार्केट एकाच नोंदीत! आपल्यातल्या कुणाला हे होणार नाही, मार्केटात भाजी घेतलेली असते. एक उपयोग मात्र खरा झाला, नावांची वेगवेगळी स्पेलिंगं त्याने पटापट पकडून दिली, आणि मोठ्या नोंदीचे पोटभाग कसे पाडता येतील त्याच्या काही सूचना दिल्या, त्यातल्या दोन मी घेतल्या.

पोटभागांवरून आठवलं, कारण तुझ्या पुस्तकात हेच सगळ्यात महत्त्वाचं होणार. "सयाजीराव" या नोंदीपुढे दोनशे आकडे टाकलेस तर ती नोंद असून नसल्यासारखी. वाचक दोनशे पानं उघडणार नाही, दहाव्या आकड्याला पुस्तक मिटेल. तिथे असं हवं:

गायकवाड, सयाजीराव (तिसरे)
— जन्म व मूळ नाव
— दत्तकविधान
— शिक्षणविषयक धोरण (हेही पाहा: सक्तीचे शिक्षण)
— ग्रंथालये
— परदेश प्रवास

आणि वेगळी एक ओळ, "गोपाळराव, पाहा गायकवाड, सयाजीराव", कारण कवळाण्याचं लहानपण वाचणारा गोपाळराव म्हणूनच शोधेल. १८७५ च्या दत्तकविधानाआधीच्या पानांवर सयाजीराव हा शब्दच नसेल कदाचित, तरी ती पानं त्यांचीच आहेत. कुठल्या पानावर माणसाबद्दल काही सांगितलंय आणि कुठे नुसतं नाव येऊन गेलंय हे पण तुलाच ठरवायचंय. "या समारंभाला महाराज हजर होते" एवढ्यासाठी आकडा देऊ नकोस, वाचक तिथे जाऊन हात हलवत परत येतो आणि मग त्याचा पूर्ण सूचीवरचा विश्वास जातो.

पैशाचं. एकरकमी घेऊ नकोस. पानाप्रमाणे दर सांग, आणि सूची झाल्यावर पानं हलवली तर त्याचे वेगळे. तीन हजारात ४१२ पानं म्हणजे पानाला जेमतेम सव्वासात रुपये... हिशोब तूच कर, पूर्ण पुस्तक तीनदा वाचायचंय तुला.

---

लिपीवेडा

पानक्रमांकताई, हिशोब मी केला, ७ रुपये २८ पैसे होतात, म्हणजे तुमचा सव्वासातच बरोबर.

मशीनचा विषय निघालाच आहे तर एक सांगावंसं वाटतं. इटलीतले एक जेझुइट पाद्री, रॉबर्टो बुसा, १९४९ साली आयबीएमच्या थॉमस वॉटसनना भेटले. संत थॉमस अक्विनासच्या सगळ्या लॅटिन लेखनातला प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो त्याची सूची त्यांना करायची होती, एक कोटीवर शब्द. पंचकार्डांपासून सुरुवात झाली आणि छापून झाली तेव्हा ५६ खंड भरले, तीस वर्षं गेली. मशीन होतं तरी तीस वर्षं का, तर लॅटिनमध्ये आपल्यासारखंच आहे, शब्दाला विभक्ती लागली की रूप बदलतं, आणि कुठलं रूप कुठल्या मूळ शब्दाचं हे माणसांनी बसून ठरवलं. मुक्ताताईंचं "बडोद्यात" आणि "बडोदे", तीच गोष्ट.

---

इतिहास_शोधतोय

मुक्ताताईंच्या दंडाच्या परिच्छेदाने मी खरंच विचारात पडलो. काल मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो होतो, तिथे दोन जुनी पुस्तकं मुद्दाम मागून शेवटून उघडली. एकाला सूचीच नव्हती, ते मी अर्धा तास चाळलं आणि हाती काही लागलं नाही. दुसऱ्याला होती, चारच पानांची, पण त्यात "दुष्काळ" खाली "तगाई" आणि "पाहा: विहिरी" असं होतं. मी विहिरींचा विचारच केला नव्हता. माझ्या प्रकरणाला एक नवीन भाग मिळाला त्यातून. कंट्रोल एफने मला मी विचारलेलंच मिळतं, हे मला आजवर जाणवलं नव्हतं.

आणि निम्म्याहून जास्त जुनी मराठी पुस्तकं स्कॅन केलेली चित्रंच असतात, त्यात शोधताही येत नाही, हे मी आधी लिहायला हवं होतं.

---

कार्डपेटी

शाब्बास. आणि कुठल्या लायब्ररीत गेलास बघ. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावलं ते वाचकाला पुस्तक सापडलं पाहिजे म्हणून. पुस्तकाच्या आतलंही सापडलं पाहिजे, आम्ही एवढंच करत होतो.

मुक्ता, पैशाचं बोलताना लाजू नकोस. आम्ही लाजलो. छापखानेवाले म्हणायचे "तुमचं नाव श्रेयनामावलीत घालतो" आणि आम्ही त्यातच खूश, आणि मग नावही नसायचं.

---

वाडीतली_मुक्ता

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल प्रकाशकांना भेटायला गेले. वाद घातला नाही. यादीचा प्रिंट नेला, ज्यात ॲनी बेझंट सगळ्यात शेवटी, शेतकऱ्यांची कर्जे दोनदा, आणि चिमणाबाई एकच. शेजारी मी हाताने केलेली पहिल्या दोन प्रकरणांची सूची ठेवली. म्हटलं, तुम्हीच शोधा, टॉवर कुणाच्या नावाचा ते कुठल्या पानावर आहे. पहिल्या यादीत ते सात पानं उलटत बसले, दुसरीत लगेच सापडलं. मग गप्प बसले थोडा वेळ, चहा मागवला, आणि म्हणाले बजेट एवढंच आहे पण पानाला वीसपर्यंत जाऊ, आणि नाव घालू. पानं हलली तर वेगळे पैसे, हे पण लिहून घेतलं. मला माहीत आहे हे पानक्रमांकताईंच्या दरापुढे काहीच नाही, पण पहिलं पुस्तक आहे आणि मला ते करायचंय, आमच्या गावाचं आहे.

आता एक अडलंय. "मांडवी" ही नोंद मी ठिकाण म्हणून ठेवलीय, पण दोन पानांवर लेखकाने मांडवीजवळच्या लायब्ररीला नुसतं "मांडवीत" असं म्हटलंय, "मांडवीत ग्रंथांची संख्या वाढत होती" वगैरे. ती पानं मांडवीखाली द्यायची की सेंट्रल लायब्ररीखाली?

---

पानक्रमांक

सेंट्रल लायब्ररीखाली. मांडवीला ती पानं देऊ नकोस, तिथे फक्त "हेही पाहा: सेंट्रल लायब्ररी".

---

कार्डपेटी

बरोबर सांगितलंय. आणि मुक्ता, आत्याची खोकी अजून घरात असतील तर टाकू नका. एखाद्या रविवारी घेऊन ये, मी मांडवीच्या अलीकडेच राहतो, तिने "पाहा" कसे दिलेत ते मला बघायचंय.

---

वाडीतली_मुक्ता

आहेत काका, माळ्यावर, तीन खोकी. आईने काढून दिलीत. पहिल्याच कार्डावर तिने आकडा खोडून सहाने वाढवून लिहिलाय, पुढच्या सगळ्यांवर पण तसंच. रविवारी येते.